पेशीचे अन्न आणि प्रथिनांवरच्या खुणा

मधुमेह असलेल्या माणसाच्या फाइलीत एक कागद हमखास सापडतो. त्यावर एचबीए१सी असे लिहिलेले असते आणि पुढे ६.९ किंवा ८.४ असा एखादा आकडा असतो. घरोघरी त्याला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड सोडून डॉक्टरांसमोर बसलेल्या अनेकांचे बिंग याच आकड्याने फोडलेले आहे. रक्तातल्या ग्लुकोजचे काही रेणू तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाला जाऊन चिकटतात आणि एकदा पक्के चिकटले की ती पेशी मरेपर्यंत सुटत नाहीत. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून एकूण हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांवर साखर चिकटली आहे हे मोजले की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब हाती येतो. मधुमेहींच्या रक्तातले हे वेगळे हिमोग्लोबिन १९६८ मध्ये इराणमधील सॅम्युएल रहबर यांच्या नजरेस पडले आणि पुढे त्यातूनच ही तपासणी आकाराला आली.

आपण काय खाल्ले याची नोंद प्रथिनावर उमटते, हे या कागदावर उघड दिसते. पेशींच्या आत अशा नोंदी अहोरात्र होत असतात आणि त्यातल्या बहुतेक अपघाताने होत नाहीत, तर पेशी त्या हेतुपूर्वक करते. माणसाच्या गुणसूत्रांत प्रथिने बनवणारी जनुके आहेत सुमारे २०,०००. एवढ्या भांडवलावर मेंदूपासून नखापर्यंत सगळा कारभार चालवायचा, तर प्रत्येक प्रथिनाकडून प्रसंगानुसार वेगवेगळे काम करून घ्यावे लागते. त्यासाठी तयार झालेल्या प्रथिनाच्या ठरावीक जागी पेशी एखादा छोटा रासायनिक गट जोडते. कधी तो फॉस्फेट असतो, कधी अ‍ॅसिटिल, कधी मिथिल. बाजार समितीच्या गाळ्यावर पोत्यावरची रंगाची खूण पाहून हमाल ते कोणत्या गाडीत टाकायचे हे ओळखतो. माल तोच असतो, खूण बदलली की रवानगी बदलते. प्रथिनाचेही तसेच आहे. खूण लागली की ते जागे होते, झोपते, केंद्रकात जाते किंवा मोडीत निघते. खुणा लावणारी आणि पुसणारी एन्झाइमे, म्हणजे शालेय पुस्तकांतली विकरे, वेगवेगळी असतात.

खुणा लावायला जे साहित्य लागते ते चयापचयातूनच येते, आणि या लेखातला सगळा विषय याच गोष्टीभोवती फिरतो. फॉस्फेट एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधून मिळतो आणि एटीपी अन्नाच्या ज्वलनातून तयार होते. अ‍ॅसिटिल गट ज्या रेणूवरून उचलला जातो तो साखर आणि चरबी यांच्या विघटनाच्या वाटेवरच भेटतो. मिथिल गट मिथिओनिन या अमिनो आम्लाकडून येतो, आणि मिथिओनिन शरीर बनवू शकत नाही, ते ताटातूनच यावे लागते. म्हणजे पेशीत अन्नाची चणचण आहे की रेलचेल, ही बातमी प्रथिनांवरच्या खुणांमध्ये आपोआप उमटते आणि त्याप्रमाणे पेशी वाढायचे, थांबायचे, लढायचे की डागडुजी करायची हे ठरवते. वार्धक्य, रोगप्रतिकार आणि कर्करोग यांवर तीन स्वतंत्र विभागांत संशोधन होत असे, पण तिथले संशोधक फिरून फिरून त्याच दहा-बारा प्रथिनांपाशी येऊन भेटतात, ते यामुळे.

हिमोग्लोबिनवरची साखर मात्र या शिस्तीतली नाही. तिला लावणारे एन्झाइम नसते आणि पुसणारी यंत्रणाही तोकडी पडते. हिमोग्लोबिनचे ठीक आहे, कारण तांबड्या पेशी चार महिन्यांनी मोडीत निघतात. डोळ्याच्या भिंगातील प्रथिने मात्र जन्मभर बदलली जात नाहीत आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले कोलॅजेन फार सावकाश बदलते. तिथे साठत गेलेल्या साखरेच्या गाठींमुळे भिंग पिवळट पडते आणि वाहिन्या ताठर होतात. मधुमेह्याला मोतीबिंदू लवकर होतो त्यामागच्या कारणांपैकी हे एक आहे. वार्धक्याचा एवढा भाग तरी निव्वळ झिजेचा म्हणता येईल. उरलेला भाग अधिक गुंतागुंतीचा आहे आणि मला विचाराल तर अधिक रंजकही.

तो समजण्यासाठी एमटॉर नावाच्या प्रथिनापाशी थोडे थांबावे लागेल. हे स्वतः फॉस्फेटच्या खुणा लावणारे एन्झाइम आहे. पेशीत अमिनो आम्ले पुरेशी आहेत का, बाहेर इन्शुलिन आहे का, एटीपीचा साठा कसा आहे, या सगळ्या बातम्या त्याच्यापर्यंत पोहोचतात. सगळीकडून होकार आला की ते अनेक प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारते आणि पेशी नवीन प्रथिने बनवण्याच्या मागे लागते. त्याच वेळी पेशीतली जुनी, मोडकी प्रथिने आणि थकलेल्या तंतुकणिका, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रे, गिळून त्यांचे सुटे भाग परत वापरण्याचे काम, ज्याला ऑटोफॅजी म्हणतात, ते मात्र बंद पडते. टंचाई आली की उलट होते. एमटॉर शांत बसते, बांधकाम थांबते आणि साफसफाई सुरू होते. या साफसफाईची यंत्रणा उलगडणारे जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले, आणि तेव्हापासून उपवासाचे महत्त्व सांगणाऱ्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप संदेशात त्यांचे नाव येऊ लागले. ओसुमींचे मूलभूत काम यीस्टवरचे होते. आपल्या उपवासाबद्दल म्हणाल, तर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण जीवरसायनाच्या कसोटीलाही उतरते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, आणि त्यावर दाण्याचे कूट म्हणजे प्रथिन. खिचडीची वाटी पोटात गेली की इन्शुलिन आणि अमिनो आम्ले दोन्ही वाढतात. उपवास चालू आहे हे एमटॉरला कळायला मार्गच उरत नाही.

एमटॉरला हे नाव ज्या औषधावरून पडले त्याची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९६४ मध्ये कॅनडाचे एक वैद्यकीय पथक प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेले आणि येताना तिथल्या मातीचे नमुने घेऊन आले. मॉन्ट्रियलच्या एका औषध कंपनीत सुरेंद्रनाथ सहगल यांच्या गटाला त्या मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशी मारणारे द्रव्य मिळाले. सहगल मूळचे आजच्या पाकिस्तानातल्या खुशाबचे आणि बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. बेटाच्या रापा नुई या स्थानिक नावावरून द्रव्याला रॅपामायसिन म्हटले गेले. पुढे लक्षात आले की ते रोगप्रतिकारशक्तीही दडपते आणि बुरशीनाशक म्हणून ते बाद झाले. कंपनीने मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद करून लोकांना अमेरिकेत प्रिन्स्टनला हलवले, तेव्हा सहगल यांनी जिवाणूचे नमुने जपून सोबत नेले आणि घरच्या फ्रीझरमध्ये ठेवले. काही वर्षांनी वरिष्ठ बदलले, काम पुन्हा सुरू झाले आणि १९९९ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये यासाठीचे औषध म्हणून अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते नेमके कोणत्या प्रथिनाला अडवते हे शोधताना हाती लागलेल्या प्रथिनाला ‘रॅपामायसिनचे लक्ष्य’ या अर्थाने टॉर हे नाव पडले, आणि सस्तन प्राण्यांतले ते एमटॉर. याच कुळातले टेम्सिरोलिमस २००७ मध्ये मूत्रपिंडाच्या कर्करोगावर मान्य झाले, कारण वाढीचा हुकूम देणारे प्रथिन अडवले की गाठीची वाढही मंदावते.

कर्करोगाच्या पेशींची खाण्याची तऱ्हा निराळी असते हे मात्र त्याहून फार आधी दिसले होते. जर्मनीतले ओटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले की गाठीच्या पेशी ग्लुकोज भराभर ओढतात आणि प्राणवायू पुरेसा असतानाही ते पूर्ण न जाळता अर्धवट फोडून त्याचे लॅक्टेट करून टाकतात. एका ग्लुकोजच्या पूर्ण ज्वलनातून सुमारे ३० एटीपी मिळतात, या अर्धवट मार्गात फक्त २. हा आतबट्ट्याचा व्यवहार पेशी का करते? वॉरबर्ग यांना वाटले की गाठीच्या तंतुकणिका बिघडलेल्या असतात. बहुतेक कर्करोगांत तसे नसते, हे नंतर कळले. दुभंगणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच कच्चा माल लागतो. नवीन डीएनए, नवीन आवरण, नवीन प्रथिने यांचे सांगाडे ग्लुकोजच्या तुकड्यांपासूनच उभे करायचे असतात. घर बांधायला काढलेल्या माणसाने आणलेले सगळे लाकूड चुलीत घातले तर चौकटी कशाच्या करणार?

पेशींच्या या हव्यासाचा उपयोग पेट स्कॅनमध्ये होतो. भारतात ही सोय पहिल्यांदा २००२ मध्ये मुंबईत परळला सुरू झाली. ज्यांनी हा स्कॅन करून घेतला आहे त्यांना आठवत असेल की साधारण सहा तास उपाशी यायला सांगतात, शिरेतून औषध टोचल्यावर तासभर मंद उजेडाच्या खोलीत झोपवून ठेवतात आणि हिंडू-फिरू नका, फार बोलूही नका अशी ताकीद देतात. टोचलेले द्रव्य म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोज असते. पेशी ते साखर समजून आत घेते आणि त्यावर एक फॉस्फेट चढवते, मात्र पुढची पायरी त्याला चढता येत नाही आणि फॉस्फेटमुळे बाहेरही पडता येत नाही, त्यामुळे ते आतच अडकून चमकत राहते. रुग्ण चालला तर पायांचे स्नायू उजळतील आणि गप्पा मारत बसला तर घशाचे, म्हणून ती शांतता. फ्लोरिनचा किरणोत्सार दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, त्यामुळे हे औषध साठवून ठेवता येत नाही आणि वेळ चुकवणाऱ्या रुग्णावर तंत्रज्ञ चिडतात ते उगीच नव्हे.

या स्कॅनमध्ये आपल्याकडच्या डॉक्टरांना एक अडचण वारंवार येते. क्षयरोगाच्या गाठीही तशाच उजळतात. अहवालात ‘अधिक ग्रहण’ असे वाचून घरच्यांचे धाबे दणाणते, आणि गाठीचा तुकडा तपासायला पाठवल्यावर कधी कर्करोगाऐवजी क्षय निघतो. यात यंत्राचा काही दोष नसतो. क्षयाच्या जंतूंभोवती जमलेल्या रोगप्रतिकारक पेशीही ग्लुकोजवर तुटून पडलेल्या असतात आणि तेही त्याच अर्धवट मार्गाने. टी-पेशी ही अशीच एक रोगप्रतिकारक पेशी. शांत बसलेली असताना ती काटकसरीने, पूर्ण ज्वलनावर जगते. आपला शत्रू समोर दिसला की ती दिवसातून दोन-तीनदा दुभंगू लागते, त्यासाठी एमटॉर जागे होते आणि तिचे चयापचय थेट वॉरबर्गच्या वर्णनाला जाऊन मिळते. लढाई संपल्यावर स्मृती जपून मागे राहणाऱ्या मोजक्या टी-पेशी पुन्हा काटकसरीवर, मुख्यतः चरबीच्या ज्वलनावर येतात. कर्करोगाची पेशी वेगळे काही शोधून काढत नाही. निरोगी पेशीने आणीबाणीत वापरायची रीत ती कायमची उचलते. रॅपामायसिन प्रत्यारोपणात आणि कर्करोगात दोन्हीकडे का चालले, याचे उत्तरही इथेच आहे.

गाठीच्या आत मात्र या दोन खादाडांची गाठ पडते आणि तिथे बहुधा टी-पेशी हरते. गाठ ग्लुकोज संपवते आणि लॅक्टेटचे आम्ल भोवती साचवते. लॅक्टेटला अनेक वर्षे निव्वळ सांडपाणी समजले जाई, आणि व्यायामानंतर स्नायू दुखण्याचा दोषही लोक अजून त्यालाच देतात. २०१९ मध्ये शिकागोच्या एका गटाने दाखवले की लॅक्टेट स्वतःच एक खूण बनते. ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळलेला असतो त्यांवर ते जाऊन बसते आणि जंतूंशी लढणाऱ्या मॅक्रोफेज पेशींत डागडुजीची जनुके उघडते. म्हणजे लढाईच्या धुरातूनच तह करण्याचा हुकूम निघतो. जंतुसंसर्गात हे हिताचे आहे. गाठीच्या परिसरात हाच हुकूम रोगप्रतिकारक पेशींना नको तेव्हा शांत करत असावा, असा संशय आहे आणि त्यावर सध्या बरेच काम चालू आहे.

खुणा लावण्या-पुसण्यात बिघाड झाला की काय होते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मेंदूच्या एका कर्करोगात सापडते. काही एन्झाइमे डीएनएवरच्या आणि हिस्टोनवरच्या मिथिल खुणा पुसतात, आणि त्यांना काम करायला चयापचयातले कीटोग्लुटारेट नावाचे आम्ल लागते. ते बनवणाऱ्या आयडीएच या एन्झाइमच्या जनुकात एका जागी चूक झाली की ते एन्झाइम कीटोग्लुटारेटचेच रूपांतर त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच आम्लात करू लागते. जवळजवळ तशीच दिसणारी पण चुकीच्या दात्यांची किल्ली कुलपात अडकावी, तसे ते पुसणाऱ्या एन्झाइमांत अडकून बसते. खुणा पुसल्या जात नाहीत, पेशी प्रौढ होत नाही आणि अर्धवट अवस्थेत दुभंगत राहते. जनुकातली ही चूक २००८ मध्ये सापडली, त्या आम्लाचा पत्ता पुढच्या वर्षी लागला आणि बिघडलेल्या एन्झाइमला अडवणारे व्होरासिडेनिब हे औषध अमेरिकेत २०२४ मध्ये मान्य झाले. एका चुकलेल्या अक्षरापासून गोळीपर्यंत सोळा वर्षे लागली. कर्करोगाच्या जगात हा वेग चांगलाच म्हणावा लागेल.

फॉस्फेटच्या खुणांबाबत हा प्रवास त्याआधीच झालेला होता. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक जोडप्रथिन तयार होते आणि ते थांबायचे नाव न घेता फॉस्फेटचे शिक्के मारत सुटते. त्याला अडवणारे इमॅटिनिब २००१ मध्ये आले आणि ज्या आजारात पूर्वी बहुतेक रुग्ण काही वर्षांत दगावत, तो अनेकांसाठी रोज गोळी घेऊन सांभाळण्यासारखा झाला. भारतात त्याच्या पेटंटवरून चाललेला खटला २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला, पेटंट नाकारले आणि स्वस्त पर्याय बाजारात राहिले. प्रथिनावरचा शिक्का हा विषय दिल्लीच्या न्यायालयात पोहोचल्याचे दुसरे उदाहरण निदान माझ्या माहितीत नाही.

आता वार्धक्याकडे परत येऊ. अ‍ॅसिटिलच्या खुणा पुसणाऱ्या एन्झाइमांचे सर्ट्युइन नावाचे एक कुळ आहे, माणसात त्याचे सात सदस्य आहेत. २००० मध्ये इमाई आणि ग्वारेंटे यांनी दाखवले की एकेक खूण पुसताना सर्ट्युइन एनएडी नावाचा एक रेणू खर्ची घालते. अन्नापासून ऊर्जा काढण्याच्या कामात हाच रेणू जागोजागी लागतो. वय वाढते तसे अनेक उतींमध्ये एनएडी कमी होत जाते, आणि त्याचे एक कारण पुन्हा रोगप्रतिकारक पेशींपाशी येऊन थांबते. वाढत्या वयात शरीरात मंद दाह धुमसत राहतो आणि त्या दाहात काही पेशींवर सीडी३८ हे एनएडी फस्त करणारे एन्झाइम वाढते.

एनएडी शरीर ज्या जीवनसत्त्वापासून बनवते त्या नायसिनशी आपल्या दख्खनच्या मुलखाचे जुने नाते आहे. नायसिनच्या अभावाने पेलाग्रा होतो. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातांची आणि मानेची त्वचा करपल्यासारखी काळी पडते, जुलाब लागतात आणि पुढे बुद्धीवर परिणाम होतो. जगात इतरत्र हा मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा आजार मानला जाई, पण दख्खनच्या पठारावर तो ज्वारीवर जगणाऱ्यांमध्ये दिसत होता. हैदराबादेत काम करणाऱ्या सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास ज्वारीत भरपूर असलेल्या ल्युसीन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवले. त्यावर पुढे बराच वाद झाला. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध असे काही पोटात जात असेल तर ज्वारी खाणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. ज्यांच्या ताटात भाकरीशिवाय दुसरे काही नसायचे, त्यांना हा आजार होत असे.

तेव्हाचा अभाव जीवघेणा होता. आज पोटभर खाणाऱ्यांना एनएडी वाढवण्याच्या गोळ्या तारुण्याच्या नावाने विकल्या जातात, आणि इथे जरा हात आखडता घ्यावा असे माझे मत आहे. त्या घेतल्यावर रक्तातले एनएडी वाढते हे खरे, पण त्यामुळे माणसे जास्त जगतात किंवा कमी आजारी पडतात असे दिसलेले नाही. द्राक्षांच्या सालीतले रेसव्हेराट्रॉल सर्ट्युइनला जागे करते म्हणून एका बड्या औषध कंपनीने २००८ मध्ये त्यावर काम करणारी छोटी कंपनी ७२ कोटी डॉलरला विकत घेतली आणि २०१३ मध्ये तिचे दार बंद केले. नेहमीच्या आहारावरच्या निरोगी उंदरांचे आयुष्य त्या द्रव्याने वाढले नाही.

रॅपामायसिनने मात्र वाढले. २००९ मध्ये अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी एकाच वेळी केलेल्या प्रयोगात औषध ६०० दिवसांच्या, म्हणजे मानवी हिशेबात साठीच्या आसपासच्या उंदरांना सुरू केले होते, आणि ९० टक्के उंदीर मरण पावेपर्यंतचे वय माद्यांत १४ टक्क्यांनी आणि नरांत ९ टक्क्यांनी पुढे गेले. असे उंदीर बहुधा कर्करोगानेच मरतात, त्यामुळे औषधाने म्हातारपण लांबवले की फक्त गाठी, हा प्रश्न जाणकार तेव्हापासून विचारत आहेत. माणसाबद्दल पहिला खरा संकेत २०१४ मध्ये मिळाला. याच कुळातले एव्हरोलिमस ६५ वर्षांवरील लोकांना सहा आठवडे अल्प मात्रेत दिले, दोन आठवडे थांबून फ्लूची लस टोचली, आणि लसीला त्यांच्या शरीराने दिलेला प्रतिसाद सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला आढळला. प्रतिकारशक्ती दडपण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या औषधाने म्हाताऱ्या माणसाची प्रतिकारशक्ती सुधारली, हे वाचून पहिल्यांदा माझा विश्वास बसला नव्हता. मात्रा आणि वेळ बदलली की परिणाम उलटा होतो, कारण वयस्कर पेशींत एमटॉर गरजेपेक्षा जास्त चालू असते आणि ते थोडेसे खाली आणणे म्हणजे पूर्ण बंद करणे नव्हे. त्याच वाटेवरचे दुसरे एक औषध वृद्धांमधले श्वसनाचे आजार कमी करते का, हे पाहणारी मोठी चाचणी मात्र २०१९ मध्ये फसली.